हातचा

केंटकीच्या पूर्वेला, जिथले डोंगर
कोळसा देऊन देऊन पोकळ झाले,
तिथे बंद पडलेल्या एका चपलांच्या दुकानात
सहा पूल टेबलं आहेत. पाच बरी.
सहाव्यावर एल्झी कोम्ब्स.

सरळ काय, कोणीही मारतं, तो म्हणतो.
इथे आधी गादीला विचारायचं, मग खिशात जायचं.
या गावात बँकच खेळतात,
सरळ गेलेला चेंडू कुणी मोजत नाही.

काठाच्या लाकडात शिंपल्याचे हिरे जडवलेले,
लांब बाजूला सहा, आखूड बाजूला तीन.
ट्वायला शिकायला आली तेव्हा चौदाची होती.
पावकी-निमकी घोकावी तसे त्याने घोकून घेतले:
पन्नासातून निघालीस, विसावर पोचायचंय,
तर मार तिसावर.
"आणि हातचा?"
"हातचा म्हणजे हवा. ती रोज वेगळी."

आकडे विसरलीस तर आरसा.
काठापलीकडे आणखी एक टेबल आहे असं समज,
असंच हिरवं, उलटं मांडलेलं.
त्याचा खिसा बघ. त्यात मार.
चेंडू तिकडे जाणार नाही, गादी त्याला परत पाठवेल,
तू मात्र तिकडेच बघ.

कोक मशिनच्या वर भिंतीत एक खिळा होता,
टायरवाल्याचं कॅलेंडर गेलं, खिळा राहिला.
एल्झीचे अर्धे डाव त्या खिळ्यावर उभे.
नवा मालक आला, भिंत रंगवली,
खिळा उपटून भोक लांबीने बुजवलं.
पंधरा दिवस एल्झी हरला
आणि रंग छान आहे म्हणाला.

मग नजर गेली.
सगळी नाही. मधली.
कडेकडेचं दिसतं, ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाही.
डॉक्टरने नाव सांगितलं होतं त्याचं,
ते त्याने दवाखान्यातच ठेवलं.
आता तो हिरे बोटांनी मोजतो.
शिंपला लाकडाहून गार लागतो, म्हणतो,
एवढी वर्षं हे कळलंच नव्हतं.

ऑगस्टातल्या शनिवारी
लेक्सिंग्टनहून क्लिंट मॅबेरी आला,
चामडी पेटीत दोन काठ्या, बोलणं गोड.
चाळीस डॉलर. पाच चेंडू आधी घालेल तो.
चार-चार झाले.
नदीवरचं धुकं दारात येऊन थांबलं होतं,
खडू बोटांना चिकटत होता.

"ट्वायला, त्या भिंतीशी जा. खिळा होता तिथे.
आणि बोलत राहा."
"काय बोलू?"
"काहीही. दुकानातले भाव सांग."

मॅबेरी बघत राहिला. असा काही नियम नव्हता,
पण नाही म्हणायलाही नियम नव्हता.

ती उभी राहिली आरशातल्या खिशात.
दूध सांगितलं. अंडी, डझनावारी.
एल्झी वाकला, मान किंचित तिरकी,
चेंडू डोळ्याच्या कोपऱ्यात धरून.
तिने काठाकडे पाहिलं. कापड ओलसर, गादी जड,
आज सगळं आखूड येणार,
संध्याकाळपासून सगळं आखूडच येत होतं.
डिझेल, ती म्हणाली, गॅलनला तीन ऐंशी,
आणि म्हणता म्हणता
अर्धं पाऊल सरकली, त्याच्यापासून लांब.

काठी सुटली.
चेंडू गादीत शिरला, काही विसरल्यासारखा मागे फिरला,
सगळं टेबल ओलांडून आला
सावकाश.
पडल्याचा आवाज एल्झीला आधी आला,
बाकीच्यांना मग.

मॅबेरीने नोटा हिऱ्यांवर ठेवल्या, दोन विसाच्या,
पेटी बंद करताना म्हणाला, पोरगी चांगली आहे तुमची.
माझी नाही, एल्झी म्हणाला,
टेबलाची आहे.

रात्री खुर्च्या उलट्या करताना तो बोलला.
"डिझेलला हललीस तू."
"हातचा धरला."
त्यावर बराच वेळ काही नाही.
एक खुर्ची त्याने उलटी केली,
चुकून तीच पुन्हा सुलटी केली.
"उद्या येताना खिळा आण," म्हणाला.
"कुठे ठोकायचा?"
"ते मला कशाला विचारतेस."