दहा खिडक्या

डिसेंबर लागला की मागच्या अंगणात
पुदिना मान टाकतो, बेसिल काळं पडतं.
पाषाणला साडेआठ, असं पेपरात येतं.
आमच्या सहकारनगरात भिंतीआड थोडं जास्त असेल,
पण पानांना पेपर कुठे वाचता येतो.

काचघराचे नर्सरीवाल्याने अठरा हजार सांगितले.
मी म्हटलं, एवढ्यात कोथिंबीर जन्मभर विकत येईल,
वर आलं-मिरची फुकट.

मग शेजारची स्नेहवर्धिनी पाडायला घेतली.
दस्तगीरच्या टेम्पोत चौकटींवर चौकटी.
कशा दिल्या?
लाकडाचे पैसे काकू, काच तशीच घ्या.
दहा खिडक्या, साडेसहाशे रुपये.
एका फाटकातून दुसऱ्या फाटकात,
भाडं नाही घेतलं त्याने, चहा घेतला.

हे टूलरूममधून निवृत्त झाले,
टूलरूम ह्यांच्यातून झाली नाही.
गुण्या लावून दोन दिवस उकिडवे.
उतार दक्षिणेला, थंडीतलं ऊन तिरपं येतं.
फटींत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या.
कडेला तेलाचे डबे, काळे रंगवून पाण्याने भरलेले,
दिवसाची ऊब रात्री जपून खर्चणारे.
खिळे नकोत, म्हणाले, नटबोल्टच.
का, म्हणून विचारलं
तर पाना शोधायला आत गेले.

काचा मी पुसल्या.
फडतऱ्यांच्या खिडकीवर गॅसवाल्याचं स्टिकर,
नंबर अजून सहा आकडी.
बर्वेबाईंच्या काचेला तडा, वर पिवळी पडलेली चिकटपट्टी.
तो चेंडू आमच्या सलीलचा, सत्त्याण्णव सालचा.
भरून देऊ म्हटलं होतं.
एक खिडकी कुणाची ते काही केल्या आठवेना.
ती मी उत्तरेला लावायला सांगितली,
आणि दिवसभर उगाच चुकल्यासारखं वाटलं.

आता सकाळी काचा आतून घामेजतात.
ओवा माजलाय. शेपूला सरळ उभं राहणं जमत नाही.
बेसिलची पानं सलीलच्या बायकोला फोटोत पाठवली,
तिने अंगठा पाठवला.

बाराच्या सुमारास एक खिडकी उघडावी लागते,
नाहीतर आतलं सगळं शिजतं.
फडतऱ्यांचीच तेवढी उघडते. खिट्टी घट्ट,
आणि बिजागरीचा तोच आवाज
जो तीस वर्षं समोरून यायचा,
त्याच्यामागोमाग
पाणी आलं का हो तुमच्याकडे?

काल मी आलं म्हणाले.
मोठ्याने. हातात झारी होती.

रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली.
सोळापैकी चौदा सह्या आधीच होत्या.
बिल्डरचा मुलगा नम्र आहे, नकाशात
हिरव्या रंगाचा एक चौकोनही दाखवला त्याने, सातव्या मजल्यावर.
ह्यांनी सही केली, पेन खिशाला लावलं,
घरी येऊन चहासुद्धा न घेता
मागे गेले
आणि एकेका बोल्टला तेल घालत बसले.