चार बोटं

प्रणोतीनं पहिल्यांदा गाडी हातात घेतली ती केर्लीपासून,
मागं गुळाचे चाळीस रवे,
आणि पंचगंगेचा पूल यायच्या आत म्हणाली,
"पप्पा, ही तुमचं ऐकते. माझं नाही."

मी म्हटलं, नवी आहेस. सवय होईल.
ती म्हणाली, कुणाला? मला, की गाडीला?
पुढचं मी ऐकलं नाही,
उसाची ट्रॉली आडवी आली होती.

उद्यमनगरात दोन्ही हातांना लेथ चालू,
रस्त्यावर लोखंडाचा कुरळा कीस.
इलाही शिकलगार पोतं अंथरून गाडीखाली गेला
आणि खालूनच बोलला,
"बॉक्सचा स्क्रू कुणी आवळलाय?"
सगळ्यांनी, मी म्हटलं. शिरोलीत एकदा, मलकापुरात एकदा,
एकदा मीच.
"समद्यांस्नी वरचा स्क्रू दिसतोय,
म्हणून समदे त्योच पिळत्यात.
मग सरळ रस्त्याला जड, अन् ढिली ती ढिलीच."

इंजिन बंद. चाकं सरळ, चारही जमिनीवर.
जॅक नको म्हणाला,
चाकावर वजन असलं की गाडी खोटं बोलत नाही.
प्रणोती स्टेअरिंगवर.
"हळू. इकडं. आता तिकडं. चाक हलायच्या आत थांब."

ती वळवते चार बोटं
आणि पुढचं चाक ढिम्म.
ती चार बोटं वाटेत कुठंतरी सांडतात.
कुठं, एवढंच शोधायचं.

इलाही एकेका सांध्याला मुठीत धरतो.
कॉलमचा क्रॉस: वर हललं तेवढंच खाली. पुढं.
बॉक्स: आत गेलं ते बाहेर आलं. पुढं.
गुऱ्हाळावर गुळव्या असाच
काहिलीतला पाक थंड पाण्यात सोडतो,
दोन बोटांत वळून बघतो,
तेव्हा त्याच्याशी बोलायचं नसतं.
मी बोललो नाही.
शेजारच्या लेथवाल्यानंही नेमका तेव्हाच पट्टा थांबवला
आणि आम्हाला तिघांनाही ऐकू आलं,

टक्.

"गावली," इलाही म्हणाला.
ड्रॅगलिंकचा बॉल. रबर फाटलेलं,
आत ग्रीसऐवजी घाटातली तांबडी माती.
एक बाजू निघते, दुसरी जागेवरच,
मग आठवल्यासारखी मागनं जाते.
नटाला पिन नाही. पिनेच्या जागी तार.
"ही कुणाची कारागिरी?"

मी वाकलो.
बांधायची तार, तीन पीळ, टोक आत मुडपलेलं.
टोक आत मुडपायची खोड आमच्या घरात एकाच माणसाला.
गगनबावड्याच्या अलीकडं, रात्री, बॅटरी दातांत धरून,
उद्या पिन घालू म्हणत बांधलेली.
प्रणोती तेव्हा चौथीत होती.
काल तिचं लायसन आलं.

इतकी वर्षं रोज थोडं जास्त वळवत आलो
आणि त्यालाच म्हणत आलो, गाडी चालवणं.

"माझीच," मी म्हटलं.
इलाही हसला नाही. तार कापून माझ्या तळहातावर ठेवली.
नवा बॉल, नवी पिन, पिनेचे दोन पाय फाकवले,
मग बॉक्सचा स्क्रू पाऊण आटा उलटा,
तिघांनी पिळलेला, जिथला तिथं.
साडेसोळाशे झाले. चहा त्याचा.

परतताना प्रणोतीच चालवत होती.
रस्ता जाईल तशी गाडी.
मी शेजारी, खिडकीकडं, हात मांडीवर.
पुलाच्या तोंडाशी रस्ता जरा डावीकडं झुकतो,
तिथं माझं मनगट आपोआप वळलं,
चार बोटं, हवेत,
आणि मग आणखी थोडं.