पंच क्रमांक दोन

माझं झेरॉक्सचं दुकान पोलीस ठाण्याला लागून,
म्हणून मी पंच.
माझगावात कुठेही धाड पडली
की घोसाळकर साहेब शटरवर काठी वाजवतात,
"चला, सहीचं काम आहे."

त्या रात्रीचा जिना डॉकयार्ड रोडच्या क्लबचा.
दारावर पाटी : करमणूक मंडळ, फक्त सभासदांसाठी.
आत चार टेबलं, हिरव्या कापडाला सिगारेटची भोकं,
आणि पंखा, पानं उडू नयेत म्हणून
कायम एकवर.

सेक्रेटरी लोपीसचे हात जोडलेले, आवाज मात्र चढलेला :
"रमी आहे साहेब, तेरा पानी.
डोक्याचा खेळ. कोर्टानं सोडलाय."
"आणि डब्यातले पैसे? नाल कोण काढतं?"
"नाल कसली? चहा, लाईट, नवा कॅट."

कायदा अठराशे सत्त्याऐंशीचा.
हातात तीन पानं असली तर नशीब,
तेरा असली तर अक्कल.
मधल्या दहा पानांत माणूस किती शहाणा होतो
एवढंच काय ते ठरायचं होतं.

सगळ्यांना पानं पालथी ठेवायला लावली.
मी मोजत गेलो, हवालदार लिहीत गेला :
रोख रुपये सहा हजार चारशे दहा.
पत्ते, वापरते. किंमत शून्य.

तिसऱ्या टेबलावर धुरत,
गोदीतले जुने टॅली क्लार्क, चष्म्याला दोरी.
त्यांची तेरा मी उलटली.
दहा जुळलेली, एक फालतू राजा,
आणि किलवरची अठ्ठी, किलवरची दश्शी,
मध्ये खिंडार.
पाळी त्यांचीच होती.
मग मी गड्डी उचलली. सगळ्यात वर
किलवर नव्वी.

पंचनाम्यात याला रकाना नसतो.
सही केली.

लोपीस सुटला दोन वर्षांनी. क्लब काही उघडला नाही,
तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
धुरत येतात दर नोव्हेंबरात,
हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला,
आणि सुटे मोजता मोजता विचारतात,
कांद्याचा भाव विचारावा तसं,
"वर काय होतं हो त्या दिवशी?"

कोर्टात शपथेवर मी खोटं बोललेलो नाही.
गेल्या वर्षी त्यांना चौकट दुर्री सांगितली होती.
यंदा तोंडातून इस्पिक पंजी निघून गेली.

त्यांनी चष्मा वर केला, बघितलं माझ्याकडे.
"म्हणजे नव्वीच," म्हणाले,
आणि एक रुपया जास्त ठेवून
जिन्याच्या बाजूनं निघून गेले.