तिसरा वाटा

मिरजेच्या गोठ्यातून आणला तेव्हा त्याला मोल नव्हतं.
म्हशीच्या पोटी नर म्हणजे
दारामागं ठेवलेली फुटकी बादली.
टेम्पोवाल्यानं नुसतं भाडं घेतलं.

आमच्या माडग्याळला तरी काय होतं.
दोन सालं जुना कडबा,
गंजीच्या वरच्या थराला काळी बुरशी,
आतला इतका कोरडा की दाताखाली
पत्र्यावर गारा पडल्यागत वाजायचा.
खायचा तो. दिवसभर खायचा.
पोट नगारा, फासळ्या उघड्या.
मलकारी त्यांच्यावरून बोट फिरवत
एकापासून तेरापर्यंत उजळणी म्हणायचा.

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, निंगव्वा,
तू रेड्याला चारतेस असं समजू नको.
त्याच्या पोटात एक गाव आहे, डोळ्यांना न दिसणारं,
तेच काडी फोडतं, तेच त्याला पोसतं.
ते गाव उपाशी आहे.
मला हसू आलं. एवढं धूड,
आणि आत पंगत खोळंबलेली.

मग बांधावरची सुबाभूळ.
तिला आजवर कुणी झाडात धरलं नव्हतं,
शेळ्या ओरबाडायच्या, पोरं शेंगा वाजवायची.
पहाटे कोवळ्या फांद्या छाटल्या,
सासूच्या विटलेल्या इरकलीवर पसरल्या,
सावलीतच,
उन्हानं हिरवं उडून जातं म्हणून.
तिसऱ्या दिवशी झटकल्या की
पानं भुरभुर खाली, काड्या हातात.

दोन वाटे कडबा, तिसरा वाटा पाला.
त्याहून जास्त नाही, बाईंनी दोनदा सांगितलेलं.
आषाढात मला हाव सुटली.
निम्मं निम्मं घातलं,
आणि एका सकाळी शेपटीचा गोंडा
गव्हाणीमागं पडलेला, मोडक्या कुंच्यासारखा.
त्याची काही तक्रार नव्हती.
माशा तेवढ्या हाकलता येईनात.
पंधरा दिवस मी फडक्यानं वारत बसले.

दिवाळीपर्यंत उजळणी सातावर अडायला लागली.
टेपनं छातीचा घेर मापायचा,
कोळशानं भिंतीवर आकडा.
शंभराच्या आत होता, एकशेवीस झाला, मग एकशेचाळीस.
शेजारीच मलकारीच्या उंचीच्या रेघा,
त्या मात्र
बोटाच्या पेरानंही सरकेनात.
एकदा तो म्हणाला, आव्वा, मलाही घाल की पाला.

जतच्या बाजारात बाबालालनं
शेपटीच्या बुडाशी चिमटा घेऊन बघितला.
काय चारलंस गं?
पाला.
खरं सांग, पेंड किती?
पाला, म्हटलं.
त्यानं रुमाल पसरला, त्याच्याखाली बोटं बोलली.

कुठं नेणार, मी विचारलं नाही.
मला ठाऊक होतं.
पाला वाळवतानाही ठाऊक होतं,
माशा वारतानाही.
दावं सोडताना त्यानं माझा पदर हुंगला,
त्यात पानांचा चुरा होता, एवढंच.
आतल्या गावाला कुणी काही सांगितलं नसेल.
ते जेवत होतं.

परत येऊन मी भिंतीवरचे आकडे पुसायला गेले,
कोळसा काही निघेना, नुसता पसरला.
पैशातून मलकारीला चप्पल, आणि कोयत्याला नवी मूठ.
सुबाभळीला छाटल्या जागी
दोन दोन फुटवे आलेत, ओठाएवढे.
मिरजेचा टेम्पो शनिवारी यायचाय.