कोळशाचा हिशेब

सहा इमारती होत्या आमच्या जिल्हा इस्पितळाला,
नारिनच्या वरच्या अंगाला,
जिथे सप्टेंबरातच बादलीवर साय धरते बर्फाची.
सहाही आम्ही तापवायचो,
मी आणि अब्दिलास, पाळीपाळीनं, एकोणीस हिवाळे.

क्षयाच्या वॉर्डात खाटा चाळीस, माणसं अकरा.
त्वचारोगाच्या इमारतीत नुसती राखणदारीण
आणि तिची जिरेनियमची कुंडी.
पण वरून पैसा यायचा तो खाटेमागे, माणसामागे नाही.
म्हणून खाटा मोजल्या जायच्या चादरीसकट,
आणि मी रात्रभर भिंती शेकत बसायचो.

औषध मात्र बाजारातून.
सुई, कापूस, हातमोजेसुद्धा.
डॉक्टरला पाकीट; नसेल तर मेंढीची मांडी.
माझ्या सैनाशच्या वेळी मी खोगीर विकलं,
मग नुसता घोडा काय कामाचा, म्हणून घोडाही.
वसंतापर्यंत पुरला तो.
ती नाही.

मग बिश्केकहून जिपारा नावाची मुलगी आली,
सुधारणा खात्याची, हातात मोजपट्टी.
भट्टीपर्यंत उतरलेली ती पहिलीच.
"किती टन जाळता? खरं सांगा."
मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.
मी खरं सांगितलं.
तिनं गणित मांडलं, वही माझ्याकडे वळवली:
एवढ्यात अख्ख्या जिल्ह्याचं इन्सुलिन.

पुढच्या उन्हाळ्यात चार इमारतींना कुलूप.
त्वचेचे डॉक्टर त्रेपन्नाव्या वर्षी
लेकरांच्या कानात बघायला शिकले.
दाराशी खिडकी झाली, ठरलेली रक्कम, शिक्क्याची पावती.
म्हातारा मोल्दोकान मांडी घेऊन आला,
खिडकीनं घेतली नाही.
संध्याकाळपर्यंत उभा होता,
"मग उपकार कुणाचे फेडू?" विचारत.

दोन इमारतींना एकच माणूस पुरतो.
अब्दिलास आता येकातेरिनबुर्गमध्ये रस्त्यावरचा बर्फ ओढतो.
त्याची बायको दर महिन्याला फ्रिजमधून कुपी घेते,
पावती घडी करून ओढणीच्या गाठीत बांधते.
जगली ती. हे मी लिहून ठेवतो.

रविवारी त्याचा फोन येतो.
तिची साखर तो तिलाच विचारतो,
मला विचारतो, "रात्रीत किती फावडी लागतात रे आता?"

मी सांगतो, पूर्वीइतकीच.