अर्ज, तिसरा मसुदा

डिचोलीच्या मामलेदार कचेरीसमोर
छपराखाली माझं टेबल, संगणक, आणि एक प्रिंटर
जो दमट दिवसांत दोन-दोन कागद एकदम गिळतो.
लोक भांडण घेऊन येतात,
मी त्याचं "विषय:" करून देते.
पानामागे वीस रुपये.

आज कुष्टा माजिक.
पंचवीस वर्षं खनिजाचा ट्रक हाकला.
खाण बंद झाली तेव्हा पगार गेला हे सगळ्यांना दिसलं;
पगाराच्या पाठीला चिकटून कंपनीचा विमाही गेला
हे त्याला छातीत कळ आली तेव्हा दिसलं.
मग स्वतःची पॉलिसी घेतली, खाजगी,
नवराबायको मिळून चौदा हजार.
यंदाचं पत्र त्याने घडी न मोडता पुढे ठेवलं,
जणू उघडलं नाही तर आकडा आत वाढणार नाही.
एकेचाळीस हजार सहाशे.
क्लेम, पॉलिसी घेतल्यापासून, एकही नाही.
गुन्हा एवढाच की मार्चमध्ये तो सहासष्ट झाला.

"पिराय मात्शी उणी घालूं येता?"
कुष्टा, वय मी नाही घालत,
ते तुझ्या जन्मदाखल्यावर
पोर्तुगिजांच्या शिक्क्याखाली बसलंय.
तो हसला. मग आम्ही कायदा लिहायला बसलो.

कायदा म्हणजे, ठराव.
आमदार म्हणालेत, शुक्रवारी पर्वरीला मांडतो,
दिल्लीला शिफारस करू,
फक्त नीट लिहून आणा.
नीट म्हणजे काय ते मला पाठ आहे:
सबब, उपरोक्त, कृपावंत होऊन.
पहिल्या मसुद्यात मी लिहिलं,
हप्त्यास वाजवी मर्यादा असावी.
कुष्टाने विचारलं, वाजवी म्हणजे कितकें?
वाजवी हा शब्द कुणाच्याही खिशात मावतो,
म्हणूनच तो कुणाच्या कामाला येत नाही.
खोडला.
दुसऱ्यात लिहिलं, वर्षाला दहा टक्क्यांवर वाढ नको,
वाढीचं कारण आमच्या भाषेत कळवा,
आणि ज्याने दहा वर्षं हप्ता चुकवला नाही
त्याला अकराव्या वर्षी उंबऱ्यावरून परका करू नका.
हे शेवटचं कायद्याचं वाक्य नव्हे, ठाऊक आहे.
राहू दिलं.

कुळखटल्याचे कागद मांडीवर घेऊन
ताटकळलेली पिएदाद बाय स्टुलावरून पुढे सरकली.
सरकारी कार्ड आहे ना रे, मग हे कशाला?
आहे, कुष्टा म्हणाला, देव बरें करूं.
पण कार्डाचा आकडा
माझ्या काळजाच्या नळ्यांपेक्षा आखूड पडला.
आणि तपासणीच्या मशीनसाठी गुरुवार मिळाला,
पुढच्या महिन्यातला.
ती काही बोलली नाही.
चष्मा लुगड्याला नाही, कागदाला पुसावा तसा
माझ्याच मसुद्याच्या कोपऱ्याला पुसला
आणि विचारलं, सय खंय करूं?

माझंही पत्र ड्रॉवरात आहे, वीजबिलांच्या खाली.
त्याचा विषय मी अजून काढलेला नाही.

चारच्या सुमाराला उल्हास फळारी आला,
एजंट, दर चवथीला घरोघर कॅलेंडर देणारा.
अर्ध्या डिचोलीच्या पॉलिस्या त्याच्याच बॅगेतून निघालेल्या.
आम्ही गप्प झालो.
प्रिंटरने मात्र नेमकं तेव्हाच
तिसरा मसुदा बाहेर टाकला, गरम.
त्याने उभ्यानेच वाचला.
टक्क्यांवर बोट ठेवून म्हणाला,
दहा नको, आठ लिहा.
ते घासाघीस करून दहावर आणतील.
मग स्कूटरची चावी बोटाभोवती फिरवत राहिला.
आईची पॉलिसी, म्हणाला, गेल्या साली
मीच बुडू दिली.
दुसऱ्यांना मुदतीची आठवण करता करता.

त्याने सही केली, पेन्सिलीने,
नाव कळेल इतपतच दाबून.
गेला.

मी दहाचे आठ केले.
कुष्टाने चाळीस रुपये ठेवले, मी वीस परत दिले.
पेन्सिलीवरून शाई फिरवायला तो म्हणाला,
ते माझं काम नव्हे.
पण टेबलावरचा खोडरबर उचलून
मी ड्रॉवरात टाकला,
आणि ड्रॉवर उघडलाच होता
म्हणून वीजबिलांखालचं पत्रही बाहेर काढलं.