एक मीटर बाय एक मीटर

पाषाणच्या बाजूने टेकडी चढलं
की चौथ्या वळणावर निलगिऱ्या सुरू होतात,
कवायतीला उभ्या केल्यासारख्या,
हातभर सरकलेली एकही नाही.

मी सुतळीची चौकट टाकते जमिनीवर
आणि आतलं मोजते.
सोलून पडलेली साल, गुंडाळ्या गुंडाळ्या.
पानं. पानं. शर्टाच्या बटणांएवढी बोंडं.
एक मुंगळा, घाईत.
रोपं : शून्य.
शून्य काढताना पेन्सिल जरा दाबलीच जाते.

पलीकडे, रांग संपते तिथे,
बहुधा पैसे संपले म्हणून खड्डे खणायचे राहिले,
तिथे वाळली कुसळी, पवना, मारवेल,
गणेराचं एक वेडंवाकडं झाड, पान एक नाही
आणि पिवळी फुलं मात्र ही एवढाली.
गवताच्या बुडाशी चंडोलाची वाटी, तीन अंडी.
तिथे मी चौकट टाकत नाही. लांबूनच लिहिते.

गेनबा रानवडे गुडघा धरत रोज इथवर येतात.
या त्यांनीच लावल्यात. चाळीसेक वर्षं झाली,
खड्ड्यामागे मजुरी, पाणी खालून, कावडीने.
"साहेब म्हणाले, टेकडी बोडकी दिसते.
आमची शेरडं तर पोट भरून यायची घरी.
पण साहेब म्हणाले."

मी सांगते त्यांना, मुळं किती पाणी ओढतात,
पानांतलं तेल, खाली काही रुजत नाही, वगैरे.
सोयऱ्यांनी लेकीची गाऱ्हाणी सांगावीत
तसं ते खाली बघून ऐकून घेतात.
मग म्हणतात, "तिला विचारलं होतं का कुणी,
इथं यायचंय का म्हणून?"

वर घारीचं घरटं. काटक्या, तार,
कुठल्याशा वाढदिवसाची चंदेरी रिबीन.
आणि पौषात फुलोरा येतो तेव्हा
माश्यांची गुणगुण खालच्या रहदारीला ऐकू येऊ देत नाही,
शपथ.
माझ्या तक्त्यात 'वर' असा रकाना नाही.
शेवटचा रकाना शिफारशीचा. तो अजून कोरा.

बोटांना वास येतोय.
लहानपणीच्या तापाचा, आईच्या रुमालाचा.
धुतला तरी संध्याकाळपर्यंत राहील.

गेनबा काठीने पाचोळा बाजूला सारतात,
रांगेत एक दात पडल्यासारखी जागा आहे तिथे.
"हा माझा खड्डा. दीड फूट, पक्का."
कडा अजून कळतात. आत
कुसळीची चार पाती, कुणी न लावलेली.

"यातलं रोप जगलंच नाही," ते म्हणतात,
मग जरा थांबून, ओशाळं हसत,
"मजुरी मात्र घेतली होती मी."